देणगी मागण्याआधीचे काम

राजगुरुनगरच्या एखाद्या महाविद्यालयात निधीचा विषय निघाला की सगळ्यांचे बोट चाकणकडे वळते. पुणे–नाशिक महामार्गाने थोडे दक्षिणेला गेले की म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, खालुंब्रे या गावांच्या शिवारात बजाज, महिंद्र, फोक्सवागन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने उभे आहेत. त्यांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे उद्योग तर मोजता येणार नाहीत इतके आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एकही रेषा ओलांडणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करायचे असतात. कारखाना जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही त्याच कलमात लिहिले आहे. मग पैसा दारातच आहे, अर्ज तेवढा नीट लिहायचा, असा हिशेब मांडला जातो. तो पूर्ण चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उच्च शिक्षणाच्या संस्थेला देणगीदारांचा अभ्यास करणारा गट लागतो तो उरलेल्या अर्ध्यासाठी. या गटाचे नेतृत्व करणाऱ्याचे मुख्य काम श्रीमंत माणसे शोधण्याचे नाही. संस्थेशी कोणाचे काय नाते आहे हे शोधायचे, ते पुराव्यानिशी लिहून ठेवायचे आणि त्या नात्याची मर्यादा कुठे संपते हेही ठरवायचे, हे त्याचे काम. पैशाचा अंदाज त्यानंतर येतो.

सीएसआरचा अर्धा भाग आधी बाजूला काढू, कारण त्याचा अभ्यास तुलनेने सोपा आहे. कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघड असतात, त्यांत सामाजिक खर्चाचे परिशिष्ट असते, आणि केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कोणत्या जिल्ह्यात कशावर किती खर्च झाला ते पाहता येते. एखादी कंपनी कौशल्य प्रशिक्षणाला पैसे देते की पाणलोटाच्या कामाला, हे बसल्या जागी कळते. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी झालेली असली की अर्जाचा रस्ता मोकळा. पण या पैशाचा स्वभाव ओळखायला हवा. तो वर्षाच्या हिशेबाशी बांधलेला असतो आणि चालू प्रकल्प म्हटला तरी सुरुवातीच्या वर्षानंतर जास्तीत जास्त तीन वर्षे चालतो. तो कुठे जावा हे ठरवणारी समिती बहुधा मुख्यालयात बसते, चाकणच्या शॉपफ्लोअरवर नाही. शिवाय २२ जानेवारी २०२१ पासून कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत भर घालणे हा सीएसआर खर्च धरला जात नाही. म्हणजे यंत्रे मिळतील, प्रयोगशाळा मिळेल, दोन-तीन वर्षांचा प्रशिक्षणवर्ग मिळेल. ज्या रकमेच्या व्याजावर दरवर्षी चार गरीब मुलांची फी भरता येईल, ती रक्कम या वाटेने येणार नाही. ती माणसांकडूनच येते, आणि माणसांचा अभ्यास अहवालाचे परिशिष्ट वाचून होत नाही.

महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाच्या इतिहासात या म्हणण्याला भक्कम आधार आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले ते जवळपास रिकाम्या तिजोरीवर. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. ही गोष्ट बहुतेक वेळा ‘एका धनिकाचे औदार्य’ म्हणून सांगितली जाते. निधी उभारणाऱ्याने ती वेगळ्या नजरेने वाचावी. मुंबईत तेव्हा गिरणीमालक पुष्कळ होते, १५ लाख देऊ शकणारेही एकटे ठाकरसीच नव्हते. फरक नात्याचा होता. कर्व्यांना विद्यापीठाची कल्पना सुचली ती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून, आणि ठाकरसींनी आपल्या जपान प्रवासात तेच विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले होते. एकाने कागदावर पाहिलेले दुसऱ्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्यात आईच्या स्मृतीची ओढ मिळाली. ठाकरसींची मिळकत किती हे त्या काळी कोणीही सांगितले असते. त्यांनी जपानमध्ये काय पाहिले आणि ते पाहून त्यांना काय वाटले, ही माहिती मात्र मिळवावी लागते, आणि देणगीच्या दृष्टीने मोलाची तीच.

शंभर वर्षांनंतरचे उदाहरण त्याच दिशेने जाते. जून २०२३ मध्ये नंदन निलेकणी यांनी मुंबईच्या आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले. तिथे प्रवेश घेतल्याला त्यांना तेव्हा ५० वर्षे झाली होती. बातमीत आकडा ठळक होता. त्याखालची ओळ जास्त महत्त्वाची होती: त्यांनी याआधी त्याच संस्थेला ८५ कोटी दिले होते. त्या पैशांतून वसतिगृहे झाली, माहिती तंत्रज्ञानाच्या शाळेला आधार मिळाला. मधल्या काळात त्यांनी संस्थेच्या नियामक मंडळावर कामही केले. पहिली देणगी, मग सहभाग, मग मोठी देणगी असा हा क्रम आहे, आणि तो काही दशकांचा आहे. संपत्तीच्या याद्या चाळून हा क्रम दिसत नाही. तो पाहायचा तर संस्थेने स्वतःची कागदपत्रे नीट ठेवलेली असावी लागतात.

आता पुन्हा राजगुरुनगरला येऊ. इथे हुतात्मा राजगुरू महाविद्यालय आहे, खेड तालुक्यात इतर महाविद्यालये आहेत, आणि ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. अशा कोणत्याही संस्थेचा सगळ्यात मोठा ठेवा कार्यालयातल्या कपाटात असतो: जनरल रजिस्टर. प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, गाव, आधीची शाळा आणि दाखला नेल्याची तारीख त्यात असते. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग आणि त्यांचे आर्थिक योगदान विचारले जाऊ लागले तेव्हापासून बहुतेक महाविद्यालयांनी माजी विद्यार्थी संघ नोंदवला, स्नेहमेळावे घेतले, फोटो काढले. रजिस्टर मात्र कपाटातच राहिले. अभ्यास गटाच्या प्रमुखाने पहिले वर्ष या रजिस्टरावर घालवले तरी ते वाया जाणार नाही. एकाच गावातले एकाच आडनावाचे तिघे एकाच वर्षी बी.कॉम. झालेले असतात. त्यांतला कोण सध्या भोसरीत कारखाना चालवतो आणि कोण तालुक्यातच शिक्षक आहे, हे जन्मतारीख आणि वडिलांचे नाव जुळवल्याशिवाय कळत नाही. चुकीच्या माणसाला ‘आपण केलेल्या प्रगतीचा आम्हाला अभिमान वाटतो’ असे पत्र गेले की तो दुखावतो, आणि ज्याला ते जायला हवे होते तो अनभिज्ञच राहतो. प्रमुखाने आपल्या माणसांकडून पहिल्यांदा हीच शिस्त पाळून घ्यायची असते: दोन स्वतंत्र खुणा जुळल्याखेरीज नाव पक्के धरायचे नाही.

या रजिस्टरातून सर्वांत जास्त हरवतात त्या माजी विद्यार्थिनी. लग्नानंतर आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते, कधी पहिले नावही बदललेले असते, आणि पत्ता तर बदलतोच. संस्थेच्या लेखी ती मुलगी दाखला घेऊन गेली त्या दिवशी संपली. मग मेळाव्यात पुरुषच दिसतात, संघाच्या कार्यकारिणीत पुरुषच येतात, आणि ‘मुली कुठे देणग्या देतात’ असे मत तयार होते. खरे तर त्यांना कोणी विचारलेलेच नसते. खेड, मंचर, शिरूर, जुन्नर या पट्ट्यातून शिकलेल्या कित्येक मुली आज शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, बँकेत आहेत, पिंपरी-चिंचवडमध्ये स्वतःचा व्यवसाय करतात. त्यांच्यापर्यंत पोचायचा मार्ग माहेरून जातो: रजिस्टरातले गाव, त्या गावात अजून राहणारे भाऊ किंवा वर्गमैत्रीण, आणि तिच्याकडून, तिची परवानगी विचारून, मिळणारा आजचा क्रमांक. हे काम वेळखाऊ आहे, संगणकाने ते होत नाही, आणि म्हणूनच ते आधी करायला हवे. कर्व्यांच्या विद्यापीठाला शतक उलटून गेल्यावरही आपल्या संस्थांनी शिकलेल्या स्त्रीला देणगीदार म्हणून न मोजणे हा अन्याय आहे, आणि निधीच्या दृष्टीने तोटाही.

नाव पक्के झाले की टिपण लिहायचे. ते एका पानाचे असावे, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे ती कशावरून लिहिली आणि कधी, हे असावे. गटप्रमुखाची खरी कसोटी इथे लागते. विश्वस्तांना एकच उत्तर हवे असते: किती देईल? तरुण संशोधकाला तो आकडा देण्याचा मोह होतो, आणि आकडा शोधण्याच्या जागा आता हाताशी आहेत. सातबारा संकेतस्थळावर दिसतो. कंपनीचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे शुल्क भरून पाहता येतात. औद्योगिक पट्ट्यातल्या गावात ज्याच्या नावावर जमीन, तो कोट्यधीश, असे धरून चालण्याची सवय लागली आहे. पण सातबाऱ्याचा उतारा नीट वाचला तर चित्र पालटते. खाते सामाईक असते, त्यात चुलते, चुलतभाऊ आणि बहिणींची नावे असतात, वाटप झालेले नसते, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा बसलेला असतो. सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकाची उलाढाल मोठी दिसते, पण मोठी कंपनी त्याचे बिल काही महिन्यांनी चुकते करते आणि मधल्या काळात तो खेळत्या भांडवलासाठी कर्ज काढून असतो. म्हणजे उघड दिसणारा आकडा बहुतेकदा फसवा असतो. प्रमुखाने प्रत्येक टिपणावर ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारत राहावा, माहिती आणि अंदाज यांचे रकाने वेगळे ठेवायला लावावेत, आणि आकड्याच्या आधी तीन गोष्टी मागाव्यात: हा माणूस संस्थेत कधी आणि कसा होता, त्यानंतर त्याने संस्थेसाठी किंवा गावासाठी काही केले का, आणि त्याला कशाची कळकळ आहे. या तिन्हींची उत्तरे असतील तर रक्कम ठरवणे भेटीला जाणाऱ्यावर सोडता येते. उत्तरे नसतील तर भेटच लवकर होते आहे, असे समजावे.

यावर गंभीर आक्षेप असा की ही पाळत झाली. माणसाला न सांगता त्याची माहिती गोळा करायची, ती फायलीत ठेवायची, आणि मग जणू सहज भेटल्यासारखे त्याच्या दारात जायचे, यात काहीतरी गैर आहे. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या आणि हृदयरोगावर काम करणाऱ्या दोन मोठ्या धर्मादाय संस्थांना दंड केला, आणि एप्रिल २०१७ मध्ये आणखी अकरा संस्थांना. देणगीदारांना न सांगता त्यांच्या संपत्तीची छाननी करून घेणे हा त्यांतला एक मुख्य दोष होता. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली किंवा कायद्याच्या बंधनामुळे जाहीर झालेली माहिती वगळली आहे, म्हणजे सातबारा पाहण्याला त्या कायद्याची आडकाठी दिसत नाही. पण कायद्याने अडवलेले नाही म्हणून ते करावे, असे होत नाही. तालुक्याच्या गावात कोणाची जमीन कोणी शोधली ही बातमी लपत नाही. जमिनीच्या वादांनी भाऊबंदकी पेटलेल्या या पट्ट्यात तर महाविद्यालयाचा माणूस उतारे काढतो आहे एवढे कळले तरी विश्वास संपतो. म्हणून प्रमुखाने सरळ नियम करावा: जी ओळ त्या देणगीदाराला स्वतः वाचायला देता येणार नाही, ती टिपणात येणार नाही. घरातले आजार, भावाभावांतले खटले, जात, राजकीय गट यांची नोंद ठेवायची नाही, कोणी आपणहून सांगितली तरी. तसेच करसवलतीच्या ८०जी पावतीसाठी देणगीदार पॅन क्रमांक देतो आणि २०२१-२२ पासून संस्थेला तो आयकर खात्याला १०बीडी अर्जात कळवावा लागतो. पावतीसाठी दिलेला हा क्रमांक अभ्यास गटाच्या टेबलावर येता कामा नये. आणि एखाद्याने सांगितले की माझे नाव यादीतून काढा, तर ते त्याच दिवशी निघाले पाहिजे.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. दान श्रद्धेने होते, त्याचा असा अभ्यास केला की त्यातला जिव्हाळा जातो, असे अनेक जुने शिक्षक म्हणतात. पण ज्यांचे दाखले देऊन हे म्हटले जाते, त्या माणसांनी काम फार पद्धतशीर केले होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीसाठी महादेव बल्लाळ नामजोशी संस्थानिकांच्या दरबारी जात, तेव्हा कोणत्या दरबारात कोण अनुकूल आहे याची त्यांना पुरती जाण असे. त्यांच्यानंतर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तेच काम अंगावर घेतले. कर्वे तर सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका आणि पुढे आफ्रिकेत गेले आणि तिथल्या भारतीयांना भेटून विद्यापीठासाठी निधी जमवला. परदेशात कोण आहेत, त्यांना मायदेशाच्या कोणत्या कामाची आस्था आहे, हे जाणल्याशिवाय असा दौरा होत नाही. जिव्हाळा आणि व्यवस्था यांचे वैर नाही. उलट व्यवस्था नसली की दरवर्षी त्याच दहा माणसांच्या दारात जावे लागते, आणि त्यांचा जिव्हाळा तिथेच आटतो. शिवाय करसवलतीचे आमिषही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जी ची वजावट मिळत नाही. पगारदार माजी विद्यार्थी यापुढे देईल तो संस्थेविषयी काही वाटते म्हणून. ते ‘काही’ काय आहे हे जाणून घेण्याला पर्याय उरलेला नाही.

नात्याचा अभ्यास कधी कधी नकारापर्यंत नेतो, आणि प्रमुखाला खरा धीर इथेच लागतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने २००९ मध्ये लिबियाच्या गद्दाफींच्या मुलाशी जोडलेल्या प्रतिष्ठानाकडून १५ लाख पौंडांची देणगी स्वीकारायचे ठरवले. तो मुलगा त्याच संस्थेचा पदवीधर होता. लिबियात उठाव झाल्यावर मार्च २०११ मध्ये संचालक हॉवर्ड डेव्हिस यांना राजीनामा द्यावा लागला आणि नंतरच्या चौकशीत संस्थेने पैशाच्या उगमाकडे पुरेसे पाहिले नाही, हे समोर आले. आपल्याकडचे धोके लहान वाटतात, पण रोजचे आहेत. देणगीदाराचे मूल त्याच वर्षी प्रवेशाच्या रांगेत असेल तर ती रक्कम देणगी राहत नाही. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी बंदीचा कायदा १९८७ पासून आहे. देणगीदार संस्थेच्या इमारतीचा ठेकेदार असेल, किंवा निवडणुकीच्या तोंडावर व्यासपीठ मागत असेल, तर हे टिपणात पहिल्या ओळीत यायला हवे, शेवटच्या नाही. हे लिहिणारा माणूस विश्वस्तांचा नोकर असतो आणि विश्वस्तांना पैसा हवा असतो. म्हणून ‘घेऊ नये’ असे लेखी मत देण्याचा अधिकार प्रमुखाला नेमणुकीच्या पत्रातच मिळाला पाहिजे. ते मत मानायचे की नाही हे मंडळाने ठरवावे, पण ते इतिवृत्तात नोंदले जावे. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या बदल्यात देऊ केलेली मोठी देणगी कर्मवीर भाऊराव पाटलांनी नाकारली, असे सांगितले जाते. एकटा संस्थापक आपल्या हिमतीवर असे करू शकतो. पगारावर काम करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यासाठी नियमाचे पाठबळ लागते.

नावाचा प्रश्नही आधीच जाणून घ्यावा, भेटीत गडबडून नको. ठाकरसींना आईचे नाव हवे होते. उलट ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीला १६० कोटी रुपये देणाऱ्या माजी विद्यार्थ्याने आपले नाव कुठेच येऊ दिले नाही. कोनशिला लावून देतो म्हणणे एकाला सन्मान वाटेल, दुसऱ्याला अपमान.

राहिला आक्षेप ऐपतीचा: हे मोठ्या विद्यापीठांना परवडते, तालुक्याच्या महाविद्यालयाला नाही. शिवाय शिक्षणाचा खर्च सरकारने करावा, संस्थांनी देणग्यांमागे का धावावे? दुसऱ्या अर्ध्या भागाशी माझे भांडण नाही. प्राध्यापकांची रिक्त पदे भरणे हे सरकारचेच काम आहे आणि देणगीने ते करू नये. केले तर सरकार हात आखडते घेते. देणगी मागावी ती सरकार कधीच देणार नाही अशा गोष्टींसाठी: भीमाशंकरकडच्या आदिवासी गावातून येणाऱ्या मुलीचा खानावळीचा खर्च, ग्रंथालय रात्री उघडे ठेवण्याचा खर्च, मुलांना इंटर्नशिपसाठी चाकणला नेणारी बस. आणि ऐपतीचे म्हणाल तर या कामाला महागडी सॉफ्टवेअर लागत नाहीत. रजिस्टर ओळखणारा एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक, संगणकावर तक्ता नीट ठेवणारा एक तरुण, गावोगाव ओळखी असलेली एक माजी विद्यार्थिनी, आणि त्यांच्या टिपणांवर ‘कशावरून?’ विचारणारा एक प्राध्यापक, ज्याचे तासिकांचे ओझे त्यासाठी खरोखर कमी केलेले आहे, एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या दोन वर्षांत या गटाचे यश जमलेल्या रुपयांत मोजू नये. किती नावे पक्की झाली, किती माजी विद्यार्थिनी सापडल्या, झालेल्या भेटींपैकी किती योग्य माणसाशी झाल्या, हे मोजावे. आणि एक तजवीज पहिल्या दिवसापासून हवी. संस्थाचालकांच्या निवडणुका होतात, मंडळे बदलतात, प्राचार्य निवृत्त होतात, आणि देणगीदारांच्या ओळखी त्यांच्याबरोबर त्यांच्या मोबाइलमधून निघून जातात. प्रत्येक भेटीची नोंद आठ दिवसांत कार्यालयाच्या फायलीत आली पाहिजे, त्या फायलीची किल्ली अध्यक्षांकडे नाही तर गटप्रमुखाकडे असली पाहिजे, आणि प्रमुख बदलताना जनरल रजिस्टराइतक्याच रीतीने, सहीशिक्क्यानिशी, तिचा पदभार दिला-घेतला गेला पाहिजे.